कार्यालयाचा फोन कोणाच्या हाती?

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या कार्यालयाचे, रुग्णालयाचे किंवा साखर कारखान्याचे टेलिफोन एक्स्चेंज अडले, तर ते मार्गी लावणारा माणूस सहसा जिल्ह्यात नसतो. असे एक्स्चेंज, म्हणजे ईपीएबीएक्स, विकणारे आणि त्याच्या वार्षिक देखभालीचा करार, म्हणजे एएमसी, घेणारे बहुधा छत्रपती संभाजीनगरला नाहीतर पुण्याला बसलेले असतात. बीडहून संभाजीनगर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पुणे त्याच्या जवळपास दुप्पट. आष्टीकडची कार्यालये अहिल्यानगरकडे बघतात, अंबाजोगाई-परळीची लातूरकडे. तक्रार कळवल्यापासून माणूस दारात येईपर्यंत एक दिवस सहज जातो, कधी दोन. म्हणून अशा जिल्ह्यात एक्स्चेंजचा कारभार दुरून करता आलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. दुसरे मतही तितकेच ठाम आहे: दुरून कारभार करणाऱ्याच्या हाती एक्स्चेंजचा ताबा जाता कामा नये. लाइन कशी बांधली आहे, पासवर्ड काय आहेत, बाहेरून आत येण्याची वाट कधी खुली राहील आणि कधी बंद, हे कार्यालयाने ठरवायचे आणि लिहून स्वतःच्या कपाटात ठेवायचे. ही दोन मते वरवर एकमेकांना छेद देणारी वाटतात. लाइन आतून कशी चालते हे पाहिले, की ती एकाच गरजेतून येतात हे लक्षात येते.

मोठ्या कार्यालयात जी डिजिटल लाइन असते, तिला पीआरआय म्हणतात. आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन सेवेचा हा थोरला प्रकार. धाकटा प्रकार बीआरआय; त्यात बोलण्याचे दोन चॅनेल आणि निरोपानिरोपीचा एक. या सेवेची मानके आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या समितीने १९८४ आणि १९८८ मध्ये पक्की केली आणि भारताने त्यातली युरोपीय पद्धत घेतली. त्यामुळे आपल्याकडच्या पीआरआयवर ३० जण एकाच वेळी बोलू शकतात, अमेरिकेत आणि जपानमध्ये २३. माणसाचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक माप आठ बिटांत लिहिले जाते. म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. दोन मापांच्या मध्ये १२५ मायक्रोसेकंदांचे अंतर असते. तेवढ्यात ३२ पाळ्या बसवल्या, की एकाच तारेच्या जोडीवरून किंवा फायबरवरून सगळे काम भागते. माजलगावच्या कालव्यावर शेजपाळी ठरते, कोणत्या चारीला पाणी कधी आणि किती वेळ, तशाच या पाळ्या ठरलेल्या असतात. शून्याव्या पाळीत दोन्ही टोकांनी आपापली गाडी जुळवून घ्यायची, सोळाव्या पाळीत निरोप जायचे, उरलेल्या तीस पाळ्या बोलण्याच्या. बत्तीस गुणिले ६४, म्हणजे सेकंदाला २,०४८ किलोबिट. वेग म्हणाल तर आजच्या मोबाइल इंटरनेटपुढे किरकोळ. पण पाळी ठरलेली असल्यामुळे संभाषणात खंड पडत नाही.

या मांडणीत माझ्या युक्तिवादासाठी सर्वांत महत्त्वाची पाळी सोळावी. तिला डी चॅनेल म्हणतात. जुन्या साध्या लाइनवर घंटी, डायल टोन, एंगेज टोन सगळे त्याच तारेवर आवाजाच्याच रूपाने येई आणि फोन का लागला नाही, हे कानाने ओळखावे लागे. पीआरआयमध्ये प्रत्येक कॉलचा लेखी निरोप डी चॅनेलवरून जातो: कोणी केला, कोणाला केला, कोणता चॅनेल दिला आणि कॉल तुटला तर का तुटला. तुटण्याच्या कारणाला क्रमांक असतो. एक्स्चेंजवाले त्याला कॉज कोड म्हणतात. सोळा म्हणजे बोलणे संपवून कोणीतरी रीतसर ठेवला. सतरा म्हणजे समोरचा बोलतो आहे. एक म्हणजे असा नंबरच अस्तित्वात नाही. अठ्ठावीस म्हणजे नंबर अपुरा किंवा चुकीच्या घडणीचा. चौतीस म्हणजे मोकळा चॅनेल नाही. ‘फोन लागत नाही’ या एकाच तक्रारीमागे सोळा सोडून बाकीची चारही कारणे असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. तो क्रमांक वाचायला एक्स्चेंजच्या पेटीजवळ उभे राहावे लागत नाही. पेटीपर्यंत पोचणारी कोणतीही सुरक्षित वाट असली, तर तो पुण्यात बसूनही वाचता येतो.

आता बांधणीतल्या, म्हणजे एक्स्चेंजमध्ये भरलेल्या सेटिंगमधल्या, चुका कशा होतात ते बघू, कारण दुरून कारभाराची खरी गरज तिथे दिसते. बीड जिल्ह्यात एक एसटीडी कोड नाही, सात आहेत: आष्टी ०२४४१, बीड ०२४४२, माजलगाव ०२४४३, पाटोदा ०२४४४, केज ०२४४५, अंबाजोगाई-परळी ०२४४६ आणि गेवराई ०२४४७. शून्य सोडले, की कोड चार आकड्यांचा आणि स्थानिक नंबर सहा आकड्यांचा, मिळून दहा. पुण्यात कोड दोन आकड्यांचा आणि नंबर आठ आकड्यांचा. पुण्याच्या माणसाने तिथल्या एखाद्या गिऱ्हाइकाची बांधणी उचलून बीडच्या एक्स्चेंजमध्ये जशीच्या तशी भरली, की गंमत वाटावी असे बिघाड सुरू होतात, पण ज्याला फोन लावायचा आहे त्याला ते जाचतात. बीडमधल्या बीडमध्ये सहा आकडे फिरवले, की एक्स्चेंज पुढच्या दोन आकड्यांची वाट बघत थांबते. काही सेकंदांनी मुदत संपली, की कॉल पुढे सरकतो. लोक म्हणतात, लाइन ‘स्लो’ आहे. लाइनचा काही दोष नसतो; आकड्यांची लांबी चुकीची भरलेली असते. तसेच, बाहेर जाणाऱ्या कॉलवर आपला नंबर दाखवताना पुण्याच्या घडणीचा नंबर पाठवला गेला, तर पलीकडचे सार्वजनिक एक्स्चेंज तो आपल्या यादीशी ताडून बघते, तो त्यात सापडत नाही, आणि त्याजागी कार्यालयाचा मुख्य नंबर घालते. मग आरोग्य विभागाच्या टेबलावरून गेलेला कॉल आणि आस्थापनेच्या टेबलावरून गेलेला कॉल लोकांच्या मोबाइलवर एकसारखा दिसतो, आणि उलट फोन केला तर तो भलतीकडेच उतरतो.

आत येणाऱ्या कॉलचेही तसेच. पीआरआयबरोबर शंभर नंबरांचा पट्टा घेतला, तर प्रत्येक टेबलाला बाहेरून थेट नंबर देता येतो. याला डीआयडी म्हणतात. बाहेरचे एक्स्चेंज नंबराचे शेवटचे काही आकडे पाठवते आणि आपले एक्स्चेंज त्यावरून एक्स्टेन्शन शोधते. किती आकडे पाठवायचे, हे दोन्ही टोकांनी आधी ठरवलेले हवे. पलीकडून सहा येतात आणि अलीकडे तीनची अपेक्षा आहे, असे झाले की सगळे कॉल ऑपरेटरच्या बोर्डावर जाऊन पडतात किंवा एक नंबरचा कॉज कोड घेऊन परत फिरतात. चॅनेलच्या संख्येतही अशीच फसगत होते. कार्यालयाने दहाच चॅनेल घेतले असतील आणि एक्स्चेंजमध्ये तीस लिहिले असतील, तर चॅनेल खालून वर भरत जातात तोवर सगळे ठीक चालते. गर्दीच्या वेळी अकराव्या चॅनेलची मागणी झाली, की नकार येतो. सकाळी साडेनऊला आलेल्या तंत्रज्ञाला बिघाड सापडत नाही, आणि तो गेल्यावर अकरा वाजता परत तीच तक्रार.

यांतला सर्वांत फसवा बिघाड घड्याळाचा. दोन्ही टोकांच्या पाळ्या एकाच वेगाने फिरल्या पाहिजेत, म्हणून कार्यालयाच्या एक्स्चेंजने आपले घड्याळ सार्वजनिक एक्स्चेंजकडून घ्यायचे असते. बांधणीत हा पर्याय चुकला आणि पेटी स्वतःच्या घड्याळावर चालू लागली, तर दोघांचा वेग किंचित वेगळा पडतो. फरक दहा लाखांत पन्नास भागांचा धरा. या वेगाच्या लाइनसाठी मानकांनी घालून दिलेली मर्यादा तेवढीच आहे. तेवढ्याने दर अडीच सेकंदांनी १२५ मायक्रोसेकंदांची एक अख्खी फेरी गळते किंवा दुबार येते. याला स्लिप म्हणतात. बोलणाऱ्याच्या कानाला ती क्वचित टिचकीसारखी जाणवते, बहुधा जाणवतही नाही. पण फॅक्सचा किंवा मॉडेमचा कॉल ती सहन करत नाही. मग तक्रार अशी येते, की फोन उत्तम चालतो, फॅक्स मात्र जात नाही. फॅक्सचे मशीन बदलले जाते, दुसरेही तसेच वागते. एक्स्चेंजच्या नोंदींमध्ये स्लिपचा आकडा तासातासाला वाढताना सरळ दिसत असतो. ज्याला तो बघता येतो आणि बघायचे सुचते, त्याचे काम पाच मिनिटांचे. आकड्यांची लांबी, डीआयडी, चॅनेलची संख्या, घड्याळ: यांतल्या एकाही दुरुस्तीला पेचकस लागत नाही. म्हणून त्यांच्यासाठी माणसाने सव्वाशे किलोमीटर यावे, आणि तोवर जिल्ह्याच्या ठिकाणचे कार्यालय मुके राहावे, हे मला पटत नाही.

दुरून न होणारी कामेही आहेत आणि ती नीट ओळखायला हवीत. जुन्या साध्या लाइनला वीज सार्वजनिक एक्स्चेंजमधून मिळे, त्यामुळे गावात अंधार असला तरी फोन चाले. पीआरआय तांब्यावरून येवो वा फायबरवरून, तिच्या शेवटाला कार्यालयात एक मॉडेमसारखी पेटी असते आणि तिला कार्यालयाचीच वीज लागते. ईपीएबीएक्सला बॅटरी असते, या पेटीला कोणी देत नाही. वीज गेली, की एक्स्चेंज जिवंत आणि लाइन मृत, अशी अवस्था होते. त्यातून बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, हा या धंद्यातला जुना ठोकताळा. जिन्याखालच्या बंद खोलीत ठेवलेल्या बॅटऱ्या कागदावर चार तासांच्या असतात आणि प्रत्यक्षात अर्ध्या तासात माना टाकतात. अर्थिंग, विजेचा तडाखा, डीपी बॉक्समध्ये गंजलेले जंपर, ही सगळी हाताने करायची कामे. म्हणून पीआरआय घेतली तरी दोन साध्या लाइन ठेवाव्यात आणि वीज पूर्ण गेली, की त्या आपोआप ठरावीक टेबलांना जोडल्या जातील अशी सोय एक्स्चेंजमध्ये करून घ्यावी. बहुतेक एक्स्चेंजमध्ये ती असते. जोडून घेण्याचे राहून जाते.

दुरून आत येण्याच्या वाटा तीन. पहिली आणि जुनी: एका एक्स्टेन्शनला मॉडेम लावायचा आणि त्या नंबरावर फोन करून आत शिरायचे. दुसरी आयएसडीएनची: एका राखीव डीआयडी नंबरावर ६४ किलोबिटचा डेटा कॉल येतो आणि एक्स्चेंज तो थेट स्वतःच्या कारभाराच्या भागाला जोडते. तिसरी आजची: एक्स्चेंजला आयपी पत्ता असतो, ब्राउझरमधून त्याचे पान उघडते. तिसरी सोपी आहे आणि म्हणूनच सर्वांत जास्त निष्काळजीपणे वापरली जाते. कार्यालयाच्या राउटरमध्ये एक पोर्ट उघडून ठेवला, कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहिला, की जगातल्या कोणालाही ते पान सापडते. असे पत्ते शोधत फिरणारे प्रोग्रॅम चोवीस तास चालू असतात. त्यांना बीड कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नसते. आत शिरलेला माणूस काही मोडत नाही. तो एखाद्या एक्स्टेन्शनचे कॉल परदेशी नंबराकडे वळवतो, किंवा बाहेरून आत येऊन पुन्हा बाहेर फोन करण्याची सोय, जिला डीआयएसए म्हणतात, ती चालू करतो. त्या परदेशी नंबरावर आलेल्या प्रत्येक मिनिटामागे त्याला वाटा मिळतो. शनिवारी संध्याकाळी सहाला सुरुवात केली आणि सोमवारी सकाळी दहाला कोणाच्या लक्षात आले, तर चाळीस तास. तीस चॅनेल धरले तर ७२,००० मिनिटे. बिल ज्याच्या नावावर लाइन त्याच्या नावावर येते. आत कोणीतरी शिरले होते, हे पुराव्यासह दाखवायची वेळही त्याच्यावरच येते.

पैशांच्या पलीकडेही एक धोका आहे. २०१७ मध्ये शेजारच्या लातूरमध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज उघडकीला आणली होती. अशा अड्ड्यांवर परदेशातून इंटरनेटवरून आलेले कॉल स्थानिक नंबराचे म्हणून पुढे सोडले जातात. त्यांच्या धंद्याला हवी असते ती एकच गोष्ट: एका बाजूने इंटरनेट आणि दुसऱ्या बाजूने टेलिफोनचे जाळे जोडलेली पेटी. पीआरआय आणि इंटरनेट दोन्ही लावलेले, पासवर्ड न बदललेले सरकारी कार्यालयातले एक्स्चेंज म्हणजे नेमकी तीच पेटी, तीही फुकटात. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने सरकारी संस्था आणि कंपन्यांना सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि १८० दिवसांच्या नोंदी जपणे बंधनकारक केले. आपल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या नोंदी कोणाकडे आहेत, हे ज्या कार्यालयाला माहीत नाही, ते हे बंधन पाळणार कसे?

यावर जबाबदार अधिकारी एक सरळ उपाय सुचवतात: बाहेरची वाट कायमची बंदच करा. सुरक्षेच्या दृष्टीने हा आक्षेप वजनदार आहे आणि ज्या शहरात तंत्रज्ञ अर्ध्या तासात येतो, तिथे तो मी मान्यही करेन. बीडला तो लागू पडत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात बीड शहरात आणि जिल्ह्यात जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट सेवा काही काळ बंद ठेवली गेली. अशा वेळी बाहेरचा माणूस येऊ शकत नाही. इंटरनेटवरून आत शिरण्याची वाटही बंद. आणि नेमक्या त्याच दिवसांत रुग्णालयाला, नियंत्रण कक्षाला, पोलिसांना फोन सर्वांत जास्त लागतो. आवाजाचे कॉल चालू असतात. म्हणजे जिच्यावर सगळी मदार ठेवली जाते ती इंटरनेटची वाट बंद, आणि जिला जुनाट म्हणून काढून टाकले ती फोनची वाट खुली. सप्टेंबर २०२५ मध्ये बीडसह मराठवाड्यात अतिवृष्टीने पूर आले, तेव्हा रस्त्यांचेच खरे नव्हते. दोन वर्षांच्या अंतराने आलेली ही दोन संकटे वेगळ्या जातीची होती, पण दोन्हींतून मला एकच निष्कर्ष निघताना दिसतो: दुरून कारभाराची वाट हवी, आणि ती एकट्या इंटरनेटवर विसंबलेली नको.

वाट कशी असावी, याचे उत्तर आयएसडीएनमध्ये फार पूर्वीच सापडले होते. त्याला कॉल बॅक म्हणतात. तंत्रज्ञ राखीव नंबरावर फोन करतो. एक्स्चेंज त्याला आत घेत नाही, कॉल तोडते आणि आधी नोंदवून ठेवलेल्या नंबरावर स्वतः फोन लावते. आलेल्या कॉलवर दिसणारा नंबर खोटा दाखवता येतो, पण खोट्या नंबरावर उलट फोन गेला तर तो खऱ्या मालकाकडेच पोचतो. साध्या लाइनवर या पद्धतीत एक भोक होते: हुशार चोर फोन न ठेवता लाइन धरून बसे आणि पेटीला वाटे, की आपण नवा कॉल लावला. आयएसडीएनमध्ये कॉल तुटल्याचा लेखी निरोप डी चॅनेलवर येतो, त्यामुळे ते भोक बुजले. याच्या जोडीला इंटरनेटची वाट ठेवायची असेल तर ती व्हीपीएनमधूनच, आणि एरवी बंद. तक्रार आली, की कार्यालयातल्या नेमलेल्या माणसाने ती सुरू करायची, काम झाले की बंद करायची आणि कोण, कधी, कशासाठी आत आला होता ते लिहून ठेवायचे. काय बदलले हे कळावे म्हणून बदलाच्या आधीची आणि नंतरची बांधणी फाइलमध्ये उतरवून पेन ड्राइव्हवर कार्यालयातच राहिली पाहिजे. आणि ज्या कार्यालयाला परदेशी फोन करायचेच नाहीत, त्याने आयएसडी आपल्या पेटीत बंद करून थांबू नये. सेवा देणाऱ्या कंपनीला अर्ज देऊन तिच्या टोकालाच बंद करून घ्यावे. चोर आपल्या पेटीत शिरला तरी पलीकडच्या एक्स्चेंजमध्ये शिरत नाही. एका अर्जाच्या खर्चात याहून मोठे संरक्षण मला तरी माहीत नाही.

दुसरा आक्षेप काळाचा: आयएसडीएन मरणपंथाला लागले असताना हे सगळे शिकायचे कशाला? ते मरणपंथाला लागले आहे, हे खरे. जपानने ही सेवा एप्रिल १९८८ मध्ये सुरू केली आणि तिच्यातला डेटा कॉलचा भाग जानेवारी २०२४ मध्ये संपवला. ब्रिटनने सप्टेंबर २०२३ पासून नव्या जोडण्या देणे थांबवले असून जानेवारी २०२७ पर्यंत जुन्याही बंद करायचे ठरवले आहे. भारतात पीआरआय अजून मिळते, पण नवी कार्यालये एसआयपी ट्रंक घेऊ लागली आहेत, जिच्यात हाच आवाज आयपी जाळ्यावरून जातो. तरी बीडचे कोड सातच राहतात आणि नंबर सहाच आकड्यांचे. किती कॉल एका वेळी, कोणते आकडे आत येणार, कोणता नंबर बाहेर दिसणार, हे प्रश्न जसेच्या तसे. कॉज कोडचेही भाषांतर ठरलेले आहे: सतराचा तिथे ४८६ होतो, एकचा ४०४, चौतीसचा ५०३. घड्याळाचा त्रास तेवढा संपतो. उलट धोका वाढतो, कारण एसआयपीची पेटी जन्मतःच आयपीवर असते. नियमही त्याच दिशेने सैल झाले आहेत. कॉल सेंटरसारख्या सेवांसाठी दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी एक्स्चेंजची पेटी कार्यालयापासून दूर ठेवायला मोकळीक दिली. पेटीच उद्या इमारतीत नसेल, तेव्हा तिची बांधणी आणि पासवर्ड कोणाच्या हाती, हा प्रश्न आजच्यापेक्षा कठीण झालेला असेल. तो आज पीआरआयवर सोडवून ठेवणे सोपे आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांच्या तोंडी असतो: प्रत्येकाकडे मोबाइल आहे, लँडलाइन हवी कोणाला? ज्याला अधिकाऱ्याचा खासगी नंबर माहीत आहे, त्याला नको. बाकीच्यांना हवी. मोबाइल माणसाचा असतो, बदली झाली की त्याच्याबरोबर जातो. कार्यालयाचा नंबर खुर्चीचा असतो. ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेल्या माणसाला गावाकडच्या रुग्णालयात भरती झालेल्या आईची चौकशी करायची असते, तेव्हा त्याच्यापाशी असतो तो केसपेपरवर छापलेला नंबर. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक लोकांनी लक्षात ठेवायला चार आकड्यांचा आहे, पण असा लघुक्रमांक शेवटी कुठल्या तरी खऱ्या लाइनवरच उतरतो, आणि ती लाइन ज्या पेटीत शिरते त्या पेटीची बांधणी चुकली, तर लोकांना नुसती घंटी ऐकू येते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी वॉर्ड, अपघात विभाग, रक्तपेढी ही आतली जोडणीही फोनवरच चालते, आणि तिथे सेकंदांना किंमत असते.

राहिला शेवटचा आणि मला सर्वांत खरा वाटणारा आक्षेप: हे करणार कोण? कारकुनाला वेळ नाही, अभियंता बांधकामाचा, संगणक विभागातला मुलगा कंत्राटावर. माझे उत्तर टेलिफोन ऑपरेटर हे आहे. बिघाड सर्वांत आधी त्याच्या कानावर येतो; सकाळी फोन लागतात आणि अकराला लागत नाहीत, हे त्यालाच माहीत असते. बहुतेक एक्स्चेंजची मूलभूत बांधणी ऑपरेटरच्या फोनवरून कळा दाबून बदलता येते. तंत्रज्ञ साध्या कॉलवर सांगतो, ऑपरेटर दाबतो. इंटरनेट नाही, डेटा कॉल नाही, तरी दुरून कारभार होतो. आयएसडीएन गेल्यावर आणि इंटरनेट तोडले गेल्यावर उरणारी वाट हीच आहे. त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. नंबरांचा पट्टा, चॅनेलची संख्या, आकड्यांची लांबी, घड्याळाचा स्रोत आणि दहा-बारा कॉज कोड एवढे एका पानावर मावते, आणि ते शिकवायला तालुक्याच्या आयटीआयमधला किंवा बीडच्या तंत्रनिकेतनातला शिक्षक पुरेसा आहे. एएमसीच्या करारात तीन वाक्ये घालावीत: बांधणीची फाइल दर बदलानंतर कार्यालयाला मिळेल, मुख्य पासवर्ड कार्यालयाचा राहील, आणि करार संपताच बाहेरचे सगळे प्रवेश रद्द होतील. आणखी एक वाक्य मी खरेदीच्या निविदेत आग्रहाने घालायला सांगेन. सरकारी कार्यालयांत टेलिफोन ऑपरेटरच्या जागांवर अनेक दृष्टिहीन कर्मचारी काम करतात. शेकडो एक्स्टेन्शन तोंडपाठ असलेली ही माणसे जुन्या बोर्डावर बोटांनी सगळे करत आली, आणि नव्या एक्स्चेंजचे ब्राउझरमधले रंगीत पान त्यांच्या हातून ते काम काढून घेते. नवी पेटी स्क्रीन रीडरने वाचता आली पाहिजे आणि तिची बांधणी फोनच्या कळांवरूनही बदलता आली पाहिजे, ही अट निविदेत आधीच लिहावी लागते. पेटी बसल्यावर ती कोणालाही घालता येत नाही.